अकरा हजार नको, सात हजारच काढा

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. डोंबिवलीत राहता, दोघं नोकरी करता, दोन मुलं शाळेत. यजमानांच्या पतसंस्थेची कपात जाऊन दोघांचे मिळून ७४,००० रुपये हातात येतात. गृहकर्ज साडेसतरा लाख, हप्ता १७,२००. पर्सनल लोन २ लाख १० हजार, हप्ता ८,९००. क्रेडिट कार्डावर ८६,०००. मोबाईलचे २,४०० चे पाच हप्ते बाकी. पतसंस्थेचे ४५,०००. थोरल्या दिरांकडून घेतलेले हातउसने ४०,०००. मार्चपासून तुम्ही दोघांनी खर्च आवळला, तीन महिने अकरा-अकरा हजार जादा भरले. जूनमध्ये शाळेची फी आली, ती कार्डावर गेली. गणपतीचा खर्चही कार्डावरच गेला. आकडा होता तिथे परत आला, आणि आता यजमान म्हणतात, "असं जगून करायचं काय?" तुम्ही विचारलंय, उत्साह टिकवायचा कसा.

मी बरीच वर्षं एका पतसंस्थेच्या कर्ज विभागात होते, आता अशाच घरांचे कागद घेऊन बसते. त्या अनुभवावरून सांगते, तुमच्या उत्साहात काही खोट नाही. तुमच्या हिशोबात दोन चुका आहेत, आणि उत्साह त्यांनी खाल्लाय.

पहिली चूक त्या अकरा हजारांत आहे. मार्च, एप्रिल, मे हे महिने तसे स्वस्त असतात हो. वर्षाचं खरं बिल जूनपासून यायला लागतं. फी, वह्या-पुस्तकं, रेनकोट, मग गणपती, मग दिवाळी, मध्येच गाडीचा विमा, पालिकेचा मालमत्ता कर, गावाकडची दोन लग्नं. यातलं एकही अचानक येत नाही. गणपती कधी आहेत ते कालनिर्णयात वर्षभर आधीपासून छापलेलं असतं. पण मासिक बजेटात त्यांना जागा नसते, म्हणून आले की ते संकटासारखे वाटतात आणि आपण हरलो असं वाटतं. तुम्ही जूनमध्ये ढेपाळला नाहीत. जून तुमच्या वहीत नव्हताच.

म्हणून पहिलं काम: एक कागद घ्या, बारा महिने लिहा, आणि गेल्या वर्षीचे बँकेचे मेसेज चाळत प्रत्येक महिन्यासमोर असा वार्षिक खर्च मांडा. तुमच्यासारख्या घरात बेरीज साधारण ४५ ते ५० हजारांच्या घरात येते. ४८,००० धरू. म्हणजे महिन्याला ४,०००. हे चार हजार पगाराच्या दिवशी वेगळ्या बँकेतल्या, यूपीआयला न जोडलेल्या खात्यात गेले पाहिजेत. ते सणांचं खातं. मग कर्जाकडे जादा किती उरतात? सात हजार. आकडा लहान झाला म्हणून वाईट वाटेल. पण तीन महिने अकरा हजार भरून चौथ्या महिन्यात सगळं कार्डावर परत चढवण्यापेक्षा सतरा महिने सात हजार भरणं कितीतरी मोठं काम आहे. सतरा हा आकडा उगाच घेतलेला नाही, पुढे येईलच.

दुसरी चूक अशी की तुम्ही ते अकरा हजार सगळीकडे थोडे थोडे वाटलेत. दोन हजार गृहकर्जाला जादा, तीन पर्सनल लोनला, काही कार्डाला, काही दिरांना. मनाला वाटतं सगळ्यांना न्याय दिला. प्रत्यक्षात सहाच्या सहा नावं तशीच उभी राहतात. एकही कमी होत नाही, आणि माणसाला काहीतरी संपलेलं दिसावं लागतं.

हे माझं नुसतं निरीक्षण नाही. २०१२ साली डेव्हिड गॅल आणि ब्लेकली मॅकशेन या अमेरिकी अभ्यासकांनी एका कर्ज तडजोड कंपनीच्या ग्राहकांची माहिती तपासली, तेव्हा शेवटपर्यंत कोण तगतो हे किती डॉलर फिटले यापेक्षा किती खाती बंद झाली यावरून जास्त कळत होतं. सिंगापूरमधल्या २०१९ च्या एका अभ्यासात एका संस्थेने गरीब कुटुंबांची थकलेली कर्जं फेडून दिली. मदतीची रक्कम सारखी असली तरी ज्यांची जास्त खाती मिटली त्यांची चिंता जास्त घटली, आणि एकाग्रतेच्या चाचण्यांतही त्यांची कामगिरी जास्त सुधारली. देण्यांची संख्याच डोक्यावर बसते.

आता यावर एक ठरलेला वाद आहे. सगळ्यात छोटं कर्ज आधी, की सगळ्यात महाग कर्ज आधी? अमेरिकेत यावर लोक तावातावाने भांडतात. तुमच्या घरात भांडायचं कारण नाही, कारण दरांतली तफावत प्रचंड आहे. गृहकर्ज साडेआठ टक्के, पतसंस्था बारा, पर्सनल लोन पंधरा. आणि कार्ड? महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला बेचाळीस, वर व्याजावर अठरा टक्के जीएसटी. ८६,००० वर महिन्याचं व्याज ३,०१०, जीएसटी ५४२, मिळून ३,५५२. तुम्ही 'मिनिमम ड्यू', म्हणजे भरावीच लागणारी किमान रक्कम, म्हणून भरता ते ४,३००. म्हणजे मुद्दलात जातात जेमतेम साडेसातशे रुपये. वर्षभर इमानदारीने भरूनही आकडा हलत नाही, यात तुमच्या शिस्तीचा काय दोष? आणखी एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. बाकी पूर्ण भरली नाही की बिनव्याजी मुदत जाते, आणि त्या कार्डावर घेतलेल्या नव्या भाजीलाही घेतल्या दिवसापासून व्याज लागतं. म्हणून कार्ड फेडत असताना ते वापरायचं नाही, एकदाही नाही. सगळ्या अ‍ॅपमधून त्याचा नंबर काढून टाका.

तुमचे सात हजार असे जातील: एक हजार दिरांना, सहा हजार कार्डाला. कार्डाचे आधीचे ४,३०० धरून महिन्याला १०,३०० झाले. पाच महिन्यांनी मोबाईलचा हप्ता आपोआप संपेल, ते २,४०० त्याच दिवसापासून कार्डाकडे वळवायचे. मी मांडून पाहिलंय, दहाव्या महिन्यात कार्ड शून्यावर येतं. व्याज आणि जीएसटी मिळून जवळपास वीस हजार जातात.

ते वीस हजार वाचवायचा एक मार्ग आहे, पण त्याबद्दल मी जपून बोलते. घरात सोनं असेल तर बँकेचं सोनेतारण कर्ज सध्या नऊ-दहा टक्क्यांच्या आसपास मिळतं. दहा टक्क्यांनी ८६,००० उचलून कार्ड एका दिवसात मिटवलं आणि तेच हप्ते तिकडे भरले तर आठ महिन्यांत सुटका होते, व्याज जातं साडेतीन हजारांच्या आत. मात्र तीन अटी. दागिने तुमचे, त्यामुळे निर्णय तुमचा. यजमानांनी किंवा सासूबाईंनी तो घ्यायचा नाही, आणि नको वाटलं तर कारण देण्याचीही गरज नाही. दुसरं, वर्षअखेरीस मुद्दल-व्याज एकदम भरायचं कर्ज घेऊ नका, महिन्याला भरता येईल असंच मागा. तिसरी अट सगळ्यात महत्त्वाची: कार्ड त्याच आठवड्यात बंद करा. ज्या घरांनी सोनं ठेवून कार्ड रिकामं केलं आणि 'अडीनडीला असू दे' म्हणून चालू ठेवलं, त्यातल्या बऱ्याच जणांकडे वर्षाने दोन्ही कर्जं होती. बाकी नसेल तर कार्ड बंद करायची विनंती बँकेला सात कामकाजाच्या दिवसांत पूर्ण करावी लागते, नाहीतर बँकेनेच ग्राहकाला दिवसाला ५०० रुपये दंड द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. लेखी विनंती करा, पोच ठेवा.

तुमच्या आरडीत २२,००० आहेत असं लिहिलंय. गणित म्हणतं, ते मोडून कार्डात टाका. मी म्हणते, टाकू नका. आरडी बंद करा, पण पैसे बचत खात्यात हात लागेल असे ठेवा. मुलाला डेंग्यू झाला, स्कूटरचं इंजिन गेलं, की पहिला हात कार्डाकडेच जातो, आणि एकदा तो गेला की सगळा खटाटोप व्यर्थ होता असं वाटून माणूस सोडून देतो. हे बावीस हजार त्या एका दिवसासाठी आहेत. वापरले तर कार्डाचे जादा पैसे दोन-तीन महिने थांबवून आधी ते भरून काढा. याच कारणासाठी आरोग्यविम्याचा हप्ता कधीही चुकवू नका. काटकसर म्हणून तो बंद करणारी घरं मी पाहिली आहेत, आणि एका हॉस्पिटलच्या बिलाने त्यांचं काय झालं तेही.

आता दिरांच्या पैशांबद्दल, कारण तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त ओळी त्यावरच होत्या. व्याज शून्य आहे, त्यामुळे कुठलाही हिशोबनीस सांगेल की ते शेवटी द्या. पण दिवाळीला त्यांच्याकडे गेल्यावर जावेने नवीन सोफा दाखवला की तुम्हाला घास उतरत नाही, हे व्याजच आहे. ते बँकेच्या पासबुकात दिसत नाही एवढंच. अशा वेळी रकमेपेक्षा नियम जास्त कामाला येतो. दर महिन्याच्या पाच तारखेला त्यांच्या खात्यावर एक हजार, न चुकता, न सांगता. पहिल्यांदा मात्र यजमानांनी फोन करून सांगावं: "दादा, एकदम जमणार नाही, पण दर पाच तारखेला हजार येतील." गेल्या दोन वर्षांत हा विषय टाळल्यामुळे जे अवघडलेपण आलंय ते या एका वाक्याने बरंच उतरेल. दादा कदाचित म्हणतीलही, राहू दे रे, घाई काय आहे. तरी पाठवायचे.

यजमानांच्या "असं जगून करायचं काय" याकडे वळते. ते चुकीचं बोलत नाहीयेत. तुम्ही काय काय बंद केलं त्याची यादी पाठवलीत: त्यांचा ऑफिसखालचा चहा-वडापाव, तुमचं महिन्यातून एकदा मैत्रिणींबरोबर भेटणं, मुलांचं रविवारचं आइस्क्रीम, एक दिवसाआड फळं. आणि काय चालू आहे? दोन ओटीटी, घरातल्या वायफायखेरीज दोन्ही फोनवर महागडे डेटा प्लॅन, आठवड्यातून तीनदा स्टेशनपर्यंत रिक्षा, 'दहा मिनिटांत घरपोच' वाल्या अ‍ॅपवरून रोजची छोटी ऑर्डर, आणि एका पॉलिसीचा हप्ता, ज्याचं विमाकवच किती हे तुम्हालाच आठवत नाही. जे रोज दिसतं, चार माणसांत वावरताना लागतं, ते तोडलं. जे गुपचूप खात्यातून जातं ते तसंच राहिलं. माझा सल्ला उलटा आहे. गुपचूप जाणारं एकदाच बसून कापा, मग महिनाभर मनावर ताबा ठेवावा लागत नाही. वाणसामान महिन्याचं यादी करून एकदाच भरा. ती रोजची ऑर्डर बंद झाली की तुमच्या चारच्या कुटुंबात अडीच-तीन हजार सहज सुटतात, कारण तिथे कोथिंबिरीबरोबर चिप्सही येतात. पॉलिसीबाबत एजंटला नाही, थेट विमा कंपनीच्या शाखेत विचारा की हप्ते थांबवून ती 'पेड-अप' केली, म्हणजे कमी विमाकवचावर तशीच चालू ठेवली, तर काय मिळेल. मोडायची घाई नको.

आणि चहा-वडापाव परत सुरू करा. दोघांनी महिन्याला हजार-हजार रुपये स्वतःचे घ्यायचे, त्यांचा हिशोब कुणी विचारायचा नाही. त्यांनी टपरीवर उडवले काय, तुम्ही पार्लरला दिले काय. मी हे सुचवते तेव्हा बहुतेक बायका म्हणतात, दोन हजार म्हणजे कर्जात किती झाले असते! झाले असते. पण ज्या घरात नवऱ्याला दहा रुपयांच्या चहाचा जाब द्यावा लागतो त्या घरात तो तिसऱ्या महिन्यात पगाराची खरी रक्कम लपवायला लागतो. बायकाही लपवतात, डब्यात लपवतात एवढाच फरक. लपवाछपवी सुरू झाली की कुठलंही बजेट चालत नाही.

एक कागद कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने चिकटवा. बाहेर नको, पाहुणे वाचतात. त्यावर पाच नावं: कार्ड, मोबाईल, पतसंस्था, पर्सनल लोन, दादा. प्रत्येकासमोर सुरुवातीची रक्कम आणि दर महिन्याची बाकी. गृहकर्ज त्यावर लिहूच नका. साडेसतरा लाखांच्या शेजारी सहा हजारांची घट दिसतच नाही, आणि पंधरा वर्षं चालणारी गोष्ट रोज बघून कुणाचंही अवसान गळतं. घर आहे, त्यात राहता आहात, हप्ता जातो आहे, तूर्त पुरे. "वर्षाला एक जादा हप्ता भरा आणि लाखो वाचवा" असे व्हिडिओ तुम्हालाही दिसत असतील. सल्ला वाईट नाही, पण बेचाळीस टक्क्यांचं देणं डोक्यावर असताना साडेआठ टक्क्यांचं आधी फेडणं मला पटत नाही.

पैसे पगाराच्या दुसऱ्या दिवशीच निघून गेले पाहिजेत. महिनाअखेर उरले तर भरू, यात कधी काही उरत नाही. कार्डाला देय तारखेची वाट पाहू नका, त्यावर व्याज रोजच्या बाकीवर चढतं, दोन आठवडे आधी भरलेले पैसे दोन आठवड्यांचं व्याज वाचवतात. बाकी हप्त्यांची तारीख पगारानंतर तीन-चार दिवसांनी करून मागा, बऱ्याच बँका ऐकतात. हप्ता परत गेला तर दंड बँकेकडूनही लागतो आणि कर्ज देणाऱ्याकडूनही.

महिन्यातून एकदा दोघांनी बसायचं. पगाराच्या दिवशी नको, जेवताना नको, आणि मुलांसमोर भांडणाच्या सुरात तर मुळीच नको. अर्धा तास पुरतो. कागदावरच्या बाक्या लिहायच्या, पुढच्या महिन्यात सणाच्या खात्यातून काय जाणार ते ठरवायचं. थोरल्या मुलीला सांगायला हरकत नाही. ती सातवीत आहे, तिला सगळं कळतंच, आकडे नसतील तरी. "आपण एक देणं फेडतोय, पुढच्या पावसाळ्यापर्यंत संपेल" एवढं पुरे. नुसतं "पैसे नाहीत" हे ऐकून मुलं जास्त घाबरतात.

नातेवाइकांचं काय, असं विचारलंत. लग्नाचा आहेर तुम्ही बरोबरीने द्यायला जाता, तिथे मोडता. आहेराची रक्कम वर्षाच्या सुरुवातीला एकच ठरवा, जवळच्यांसाठी एक, बाकीच्यांसाठी एक, आणि सणाच्या खात्यातूनच द्या. पत्रिकेवर 'आहेर आणू नये' छापलेलं असेल तर खरोखर नेऊ नका. मी लिहून देते, लग्नघरात कोणी कुणाचं पाकीट लक्षात ठेवत नाही. काकूंखेरीज, आणि काकू हजारालाही नावं ठेवतात.

मधला काळ सगळ्यात कठीण, साधारण चौथा ते आठवा महिना. नवेपण संपलेलं असतं आणि कार्ड अजून मिटलेलं नसतं. तुमच्या बाबतीत पाचव्या महिन्यात मोबाईलचा हप्ता संपतोय हे नशीब. त्या दिवशी कंपनीकडून 'नो ड्यूज'चं पत्र मागवा, बँकेत जाऊन त्या हप्त्याचा मॅन्डेट (खात्यातून आपोआप कापायची परवानगी) रद्द झालाय याची खात्री करा, कागदावर नाव खोडा आणि चौघं मिसळ खायला जा, सणाच्या खात्यातून. पाचातलं एक नाव गेलं. एखाद्या महिन्यात सात ऐवजी तीनच हजार जमले तर तीन भरा आणि तेवढेच लिहा. शून्य लिहिण्यापेक्षा तीन बरे, आणि पुढच्या महिन्यात अकरा भरून भरपाई करायला जाऊ नका. तिथूनच परत मोडायला सुरुवात होते.

कार्ड मिटलं की तुमच्याकडे महिन्याला १२,७०० मोकळे. ते पर्सनल लोनच्या ८,९०० त मिळवा. तोवर तिथली बाकी एक लाख ४३ हजारांच्या आसपास असेल, २१,६०० प्रमाणे सात महिन्यांत संपते. दहा आणि सात, सतरा. मधे चौदाव्या महिन्याच्या सुमाराला पतसंस्था मिटते, यजमानांच्या पगारातून कापले जाणारे ३,५०० परत हातात येतात, त्यातून दादांचे उरलेले लवकर देता येतील. म्हणजे दीड वर्षाने, थोडं इकडेतिकडे, कागदावर एकही नाव राहत नाही. पर्सनल लोनमध्ये जादा भरण्याआधी करारपत्र बघा. फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराच्या, धंद्यासाठी नसलेल्या कर्जाला मुदतपूर्व फेडीचं शुल्क लावता येत नाही, पण पर्सनल लोन बहुधा ठरलेल्या दराचं असतं आणि त्यावर शुल्क लागू शकतं. ते वाचलेल्या व्याजापेक्षा जास्त असेल तर जादा रक्कम बाजूला साठवून एकरकमी बंद करायचं का, ते तेव्हा मांडून बघू.

हे सगळं अशा घरासाठी, जिथे हप्ते जाऊन घर चालतं. एक हप्ता भरायला दुसरं कर्ज काढावं लागत असेल, लोन अ‍ॅपवरून आठवड्याच्या मुदतीचे पैसे उचलले असतील, किंवा परवाना नसलेल्या सावकाराकडे कोरे चेक दिले असतील, तर काटकसरीने भागणार नाही. हप्ता थकण्याआधी बँकेत जाऊन मुदत वाढवून मागा. वसुलीवाल्यांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, नातेवाइकांना त्रास द्यायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. बँकेने तक्रार ऐकली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, चौकशीचा क्रमांक १४४४८. सावकारीची तक्रार सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे, महाराष्ट्रात २०१४ पासून त्यासाठी स्वतंत्र कायदा आहे. आणि घरात कुणी "मी नसतो तर सुटलं असतं" अशा भाषेत बोलायला लागलं तर कर्जाचे कागद बाजूला ठेवा, १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतसेवेच्या, क्रमांकावर फोन लावा. तिथे मराठीतही बोलता येतं.

पुढच्या वेळी लिहाल तेव्हा कार्डाच्या शेवटच्या बिलाचं दुसरं पान पाठवा, ज्यावर व्याजदर असतो. मी साडेतीन टक्के धरलेत, तुमचा पावणेचार असला तरी कार्ड दहाव्या महिन्यातच मिटेल, फक्त व्याज थोडं जास्त जाईल.